बाहेरगावी गेलेला माणूस

गेल्या दोन वर्षांत डॉक्टरांनी धाकट्याला जितक्या वेळा तपासले, तितक्या वेळा तो बरा होता. त्याच दोन वर्षांत घरातल्या कोणीही त्याला सलग दोन महिने बरे असलेले पाहिले नव्हते.

रविवारी दुकान बंद असे, म्हणून बैठक दुकानातच भरली. वरच्या मजल्यावर धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि माणसाच्या डोक्याशी बसून त्याची वासलात लावू नये एवढी लाज सगळ्यांनाच होती. दुरुस्तीच्या लांब टेबलाभोवती खुर्च्या आणि स्टुले ओढली गेली. मागच्या फळ्यांवर औषधांच्या दुकानांतून आलेले नाजूक तराजू कापडी टोप्या घालून बसले होते. टेबलावर पेटीत प्रमाण वजने होती. ती कोणीही उघड्या बोटांनी उचलायची नाहीत, हा आजोबांनी घालून दिलेला नियम तीन पिढ्या पाळला गेला होता.

वडिलांच्या खुर्चीत आता मधला बसत असे. दुकान तोच चालवत होता आणि ते चालवता चालवता त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते. त्याच्या शेजारी त्याची बायको. ती मुलांना पोहायला शिकवत असे. तलावाच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाईल असा आवाज तिला लागलेला होता, आणि तो खाली आणणे तिला जमत नसे. समोर काका, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आई दाराजवळच्या स्टुलावर, वरची हालचाल ऐकू यावी अशी. आणि पहाटेच्या गाडीने आलेली थोरली, जी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करत होती आणि पाण्याइतकाच संशय माणसांच्या सांगण्यावरही घेत असे.

"उद्या सकाळी केंद्राची गाडी येईल," मधला म्हणाला. "मी हो सांगितलंय. आता फक्त तुम्हा सगळ्यांच्या कानावर घालतोय."

"कानावर घालायला मला रात्रभर प्रवास करायला लावलास?" थोरली म्हणाली. "फोनवर घालता आलं असतं."

"फोनवर तू प्रश्न विचारतेस, ताई."

"इथेही विचारणार आहे. केंद्र कसलं?"

"शहराबाहेर आहे. निवासी. पहाटे उठवतात, बागेत काम देतात, वेळेवर झोपवतात. कमीत कमी सहा महिने ठेवावं लागतं. सुरुवातीला भेटायला जाता येत नाही."

"डॉक्टर असतात?"

"शिस्त असते," काका म्हणाले. त्यांनी हा शब्द आयुष्यभर वर्गात वापरला होता आणि तो त्यांच्या तोंडी चांगला बसला होता.

"म्हणजे नसतात. त्याने स्वतः हो म्हटलंय?"

"सध्या तो कशालाच नाही म्हणत नाही," मधला म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "तू दूर असतेस, ताई. पारडं वर जातं तेव्हा हा पहाटे गिऱ्हाइकांना फोन करतो. मागच्या खेपेला फळीवरचे सगळे तराजू एकाच वेळी खोलून बसला. नवीन जातीचा तराजू काढणार होता. पारडं खाली बसलं की तीन-तीन आठवडे अंथरुणातून उठत नाही. आणि डॉक्टर म्हणतात, प्रकृती स्थिर आहे. आता सहा महिन्यांनी या. डॉक्टरच म्हणतात बरा आहे, मग याला मी काय म्हणू? आजार? आजारी नसलेला माणूस काम करत नसेल तर त्याला आपल्या भाषेत एक साधा शब्द आहे."

'पारडे' हा घरातला जुना शब्द होता. बायपोलर हे नाव डॉक्टरांनी नंतर दिले. घराने ते ऐकून घेतले आणि बोलायला आपलाच शब्द ठेवला.

"भाऊजी ढोंग करत नाहीत," भावजय म्हणाली. तिने हळू म्हटले होते, पण फळीवरच्या एका तराजूची साखळी किणकिणली. "मी तसं म्हणणार नाही. पण घरात दोन मुलं आहेत, ताई. परवा धाकटी मला विचारत होती, काका मेलेत का म्हणून. दार बंदच असतं ना. मलाही वाटतं, थोडे दिवस कुठेतरी..." तिने वाक्य सोडून दिले.

आईचे कान वरच्या खोलीकडे होते. तीन विरुद्ध एक, आणि एक मत तटस्थ: थोरलीने मनाशी मोजणी केली. धाकट्याची बाजू घ्यायला आपण आलो आहोत असे सगळ्यांनी गृहीत धरलेले तिला दिसत होते, आणि ते तितकेसे खरे नव्हते. तिला बाजू घ्यायची नव्हती, तिला उत्तर हवे होते. डॉक्टरांचे म्हणणे आणि घराचे म्हणणे ही दोन्ही एकाच माणसाबद्दल खरी असू शकत नव्हती, आणि तरीही खोटे कोणी बोलत असल्याचे दिसत नव्हते. तिच्यापुढे तीन शक्यता होत्या. धाकटा डॉक्टरांसमोर सोंग काढतो. किंवा डॉक्टर नीट बघत नाहीत. किंवा घरचे वाढवून सांगतात.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. मधल्याने सवयीने उचलला, कारण दुकान बंद असले तरी दुकानदार बंद नसतो.

"हो, बोला." तो ऐकत राहिला. चेहऱ्यावर हळूहळू एक मिश्किल कंटाळा पसरला. "नाही हो, ते नाही सांगत आम्ही. या आठवड्यात येऊ किंवा पुढच्या. ...अहो, तुमच्या मालकांशी करारच तसा आहे. येऊ तेव्हा येऊ. ...चहा काय, आलो की पिऊच."

त्याने फोन ठेवला. "बेकरीच्या नव्या शाखेचा मॅनेजर. काटा तपासायला नेमके कधी येणार ते सांगा म्हणजे 'सोय करून ठेवतो' म्हणे. ही कसली सोय ते मला माहीत नाही होय? काटा पुसेल, पाणसळीत बसवेल, पारड्याखाली चिकटलेलं पीठ खरवडेल, आणि आम्ही गेलो की पुन्हा ये रे माझ्या मागल्या."

"आजोबांचा नियम," काका म्हणाले. "तारीख द्यायची नाही. न कळवता जायचं."

दोघे थोडे हसले. बैठकीत पहिल्यांदाच कोणीतरी हसले होते, म्हणून आईनेही मान वर केली.

"मी डॉक्टरांशी बोलले," थोरली म्हणाली. "गेल्या आठवड्यात. आधी याला विचारलं, तो चालेल म्हणाला, मग फोन केला. मला वाटलं होतं पाच मिनिटांत गुंडाळतील. तसं झालं नाही. शांतपणे बोलले, नीट आठवून बोलले. म्हणाले, मी जे पाहतो त्यावरून सांगतो. माझ्यासमोर ते नेहमी नीटनेटके येतात, झोप ठीक सांगतात, कामाबद्दल बोलतात. म्हणून गोळीचा डोस कमी केला आणि भेटी लांबवल्या. ज्यांचं बिनसलेलं असतं त्यांच्यासाठी घरी जाणारी नर्स आहे त्यांच्याकडे. पण एकच आहे, म्हणून ज्याला तपासणीत गरज दिसेल त्यालाच देतात. याच्यात दिसली नाही."

"बघ," मधला म्हणाला.

"बघतेय. पण एक वाक्य मला कळलं नाही. ते म्हणाले, 'कामानिमित्त त्यांचा प्रवास बराच असतो आणि तो त्यांना झेपतोय, हेही चांगलं लक्षण आहे.'" तिने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिले. "याचा कसला प्रवास? हा गेल्या वर्षभरात नाक्यापलीकडे गेला असेल तर मला सांगा."

आईने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. भावजय नवऱ्याकडे पाहू लागली आणि नवरा वजनांच्या पेटीकडे.

"ते... मी सांगते कधीकधी," भावजय म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खरोखरच लहान होता. "पारडं वर असलं की भाऊजी दवाखान्यात यायला तयारच नसतात. मला काय धाड भरलीये म्हणतात. मग तारीख चुकते. दोनदा तारीख चुकली तर नाव शेवटी टाकतात, पुन्हा महिने थांबा. म्हणून मी आधीच फोन करून सांगते, बाहेरगावी गेलेत, पुढची तारीख द्या. ती देतात लगेच. आईंनीच सांगितलं होतं तसं म्हणायला."

"आई?"

"मग काय सांगायचं?" आई म्हणाली. "खाली बसलेला असतो तेव्हा तर उठवतही नाही. दाढी वाढलेली, अंगाला वास येतोय, चार-चार दिवस दात घासलेले नाहीत. तसा नेऊन त्या बाकावर बसवू? ओळखीचं कोणी ना कोणी असतंच तिथे. मी फोन करते. बाहेरगावी गेलाय म्हणते. मग जरा उठायला लागला, जेवायला लागला की तारीख घेते. आंघोळ करायला लावते, तो निळा शर्ट इस्त्री करून देते, आणि नेते. डॉक्टरांपुढे कसं जावं याला काही रीत आहे की नाही?"

निळा शर्ट थोरलीने सकाळीच पाहिला होता. धाकट्याच्या दारामागे तो हँगरला होता, कॉलरची घडी अजून नव्यासारखी. या खोलीत इतके न मळलेले दुसरे काहीच नाही, असे तेव्हा तिच्या मनात येऊन गेले होते आणि तिने ते तिथेच सोडले होते. नमुना इतका स्वच्छ असेल तर तो कोणी आणि कधी भरला हे आधी विचारावे, असे ती प्रयोगशाळेत नव्या मुलांना दर महिन्याला सांगत असे.

"म्हणजे तो वाईट असताना डॉक्टरांनी त्याला पाहिलेलाच नाही," ती सावकाश म्हणाली. "एकदाही."

"तसा कसा दाखवणार?" आई म्हणाली. तिला प्रश्न खरोखरच कळला नव्हता. "त्याची लाज मी राखायची नाही तर कोणी राखायची? तुझ्या आजीनेही राखलीच की."

काकांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. ते बराच वेळ पुसत होते.

"आमचे वडील," ते म्हणाले, "तराजूची विद्या शिकायला देशोदेशी हिंडले, असं तुम्ही सगळे ऐकत आलात. दुकानाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मीच भाषणात सांगितलं होतं."

"हो, मग?" मधला म्हणाला.

"ते कुठेही गेले नव्हते."

वर कुठेतरी पलंग करकरला आणि पुन्हा शांत झाला.

"वरच्या त्याच खोलीत असायचे. आई आम्हाला सांगायची, कोणी विचारलं तर बाहेरगावी गेलेत म्हणा. आम्हालाही तेच सांगितलेलं. मी नकाशाचं पुस्तक काढून बसायचो, आज ते कुठे असतील म्हणून. बोट फिरवत फिरवत पार समुद्रापलीकडे न्यायचो त्यांना." काका थोडे हसले. "भूगोलाचा मास्तर उगीच नाही झालो. मग एकदा चेंडू शोधायला वर गेलो. दार किलकिलं होतं. ते पलंगावर बसलेले, भिंतीकडे बघत. मी म्हटलं, 'आलात?' ते काहीच बोलले नाहीत. मी खाली आलो आणि कोणाला सांगितलं नाही. नकाशा बघणं मात्र सोडलं नाही. आज काय वाटेल ते म्हणा, पण मला आवडायचे ते प्रवास."

मधल्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. घरातली सगळ्यात जुनी अभिमानाची गोष्ट त्याच्या डोळ्यांदेखत मोडली होती आणि तिचे तुकडे कुठे ठेवावे ते त्याला सुचत नसावे.

"मग मगाशी शिस्त-शिस्त काय करत होता, काका?"

"दुसरं काय करणार होतो? वडिलांना जे होतं ते पुतण्याला आहे, हे मान्य करायला एक वय लागतं. माझं ते वय या सकाळपर्यंत झालं नव्हतं."

भावजयीने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मग मधल्याने मगाशी वाजलेल्या फोनकडे पाहिले, मग आईकडे, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. हिशेब चुकतोय हे कळूनही कुठे ते सापडत नसे, तेव्हा पडायची तीच आठी. थोरली गप्प राहिली. हे त्याने स्वतः म्हणायला हवे होते.

"आपण तारीख देत होतो," तो अखेर म्हणाला. "उभ्या शहराचे काटे न कळवता तपासणारी माणसं आपण. आणि घरातल्या माणसाला पुसून, पाणसळीत बसवून, तारीख घेऊन नेत होतो." तो थांबला. "वर मीच त्याला कामचुकार म्हणत होतो. डॉक्टरांच्या दाखल्यावर."

"डॉक्टरांनी पण विचारायला नको?" भावजय म्हणाली. आता ती पुन्हा नवऱ्याच्या बाजूची झाली होती, पण बाजूच बदललेली होती. "माणूस सारखा बाहेरगावी कसा जातो म्हणून? ज्याला उठताच येत नाही त्याने उठून दवाखान्यात यायचं, आणि आला की म्हणायचं, बघा, उठता येतंय. हा कुठला नियम?"

"तोही भाग आहेच," थोरली म्हणाली. "पण खोटा निरोप आपण दिला. ते विचारणार कुणाला?" आणि ती जिना चढून वर गेली.

खोलीत अंधार नव्हता. पडदा अर्धा उघडा होता आणि दुपारकडे सरकलेले ऊन धाकट्याच्या पायांवर पडले होते. ती पलंगाच्या कडेला बसली. तो वळला नाही.

"वहिनीचा आवाज येत होता," तो भिंतीला म्हणाला. "तुमचं नाही ऐकू आलं. पण तिच्या अर्ध्या बाजूवरून बाकीचं कळतं."

"मग सांगायला नको. एकच विचारते. डॉक्टरांना तू का नाही सांगितलंस? या दिवसांबद्दल?"

त्याने भिंतीवरच्या एका ओरखड्यावरून बोट फिरवले.

"ते विचारतात, मधले दिवस कसे गेले. तेव्हा मला खरंच वाटतं, बरे गेले. बरा असलो की हे सगळं मला खोटं वाटतं, ताई. कोणा दुसऱ्याचं. आणि असा असलो की ते बरे दिवस."

पहिली शक्यता थोरलीने मनातून काढून टाकली. सोंग काढायला आधी आठवावे लागते.

"केंद्रात जायचंय तुला?"

"दादा थकलाय. बरोबर आहे त्याचं."

"मी त्याचं नाही विचारलं."

"मला कुठेच जायचं नाही. पण ते माझं मत म्हणून धरू नकोस. ते पारडं बोलतंय."

"कोणी इथे आलं तर? दवाखान्याची नर्स आहे एक, घरी येणारी. तू असाच पडलेला असताना."

तो पहिल्यांदाच वळला. दाढीवरून हात फिरवला, जणू ती किती वाढली आहे हे त्याला आत्ताच कळत होते.

"असा?"

"अगदी असा."

"आई येऊ देणार नाही," तो म्हणाला आणि डोळे मिटले. पण भिंतीकडे परत वळला नाही.

थोरली खाली आली तेव्हा चौघेही होते तिथेच होते. तिने फोन ओढून आईसमोर ठेवला.

"रविवारी पण उचलतात. तातडीचा नंबर आहे, मी विचारून घेतलाय. तू बोल."

"मी? तू शिकलेली आहेस, तू सांग ना नीट."

"मी एकदाच बोललेय. तुझा आवाज ओळखतात, आई. त्याच आवाजाने दोन वर्षं बाहेरगावी सांगितलंय. त्यानेच आता खरं सांगायला हवं."

आईने मधल्याकडे पाहिले. तो तिला यातून सोडवील अशी तिची अपेक्षा असावी. लहानपणापासून तो तिला सोडवत आला होता. तो उठला, तिच्यामागे जाऊन उभा राहिला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "केंद्राला मी कळवतो गाडी पाठवू नका म्हणून," तो म्हणाला. "तू हा फोन कर."

तिने नंबर फिरवला. पलीकडून एक बाई बोलली. आईने धाकट्याचे नाव सांगितले, आपण त्याची आई असल्याचे सांगितले. तिकडून, पुन्हा बाहेरगावी गेला का, असे विचारले असावे.

"नाही, बाहेरगावी नाही," आई म्हणाली. "घरीच आहे. वर आहे. उठत नाही, जेवत नाही, आंघोळ नाही. ...हो, पहिल्यापासून असं होतं. ...मागच्या वेळीसुद्धा घरीच होता. ...त्याच्या मागच्या वेळीसुद्धा." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. "...जिवाचं काही बोललाय का? नाही. ...हो, विचारते त्याला. आज कोणी ना कोणी त्याच्याजवळ बसेल. तसं काही वाटलं तर लगेच फोन करते. ...उद्या सकाळी? नर्स येते म्हणता? बरं. मी त्याला जरा आवरून ठेवते."

तिने पलीकडचे शेवटपर्यंत ऐकले. मग रिसीव्हर जागेवर ठेवला आणि इतरांकडे वळली.

"म्हणाली, आवरून ठेवू नका," आई म्हणाली. "आहे तसाच राहू दे म्हणाली."

भावजय उठली आणि वर गेली. थोड्या वेळाने ती निळा शर्ट घेऊन खाली आली, आणि तो कुठे ठेवायचा ते कोणीच सांगेना म्हणून तिने तो मळक्या कपड्यांत टाकला.

डॉक्टरांना धाकटा दर वेळी बरा दिसला, याचे कारण एवढेच होते: तो बरा असेल तेव्हाच त्याला त्यांच्यापुढे नेले जात असे. तो खचलेला असताना आई तारीख पुढे ढकलत असे आणि उधळलेला असताना भावजय. जो येऊ शकतो त्यालाच दवाखाना पाहत होता, आणि जो येत नव्हता तो का येत नाही, हे विचारत नव्हता. बऱ्या दिवसांवरून गोळी कमी झाली, गोळी कमी झाल्यावर पारडे अधिक हलले, आणि ते जितके अधिक हलले तितका धाकटा अधिक वेळा बाहेरगावी गेला.